डाव्या हाताचा उशीर

मामा माझ्या हातातून काठ्या काढून घ्यायचा. शिकवणी रंगात आलेली असायची, शेकलेलं संबळ नुकतं कुठं बोलायला लागलेलं असायचं, आणि मधेच तो माझं मनगट धरायचा. कोपराखालचा भाग दोन बोटांनी दाबून बघायचा आणि म्हणायचा, "बास. ठेव खाली." मी म्हणायचो, आत्ताशी तर वीस मिनिटं झाली. तो म्हणायचा, "हात दमला." हात माझा आणि तो दमला हे सांगणार मामा. यात कुठंतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्याच आठवड्यात वाटायला लागलं होतं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. जव्हारच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, घरकुल, शाळाप्रवेश, सगळं. सकाळी नऊपासून समोर माणूस बसलेला आणि माझी बोटं कीबोर्डवर. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी धरली तर माणूस आपल्या धाकट्या भावापेक्षा लहान निघतो. वीटभट्टीवरून आलेल्या बायकांचे अंगठे मशीन घेतच नाही, कारण रेषाच झिजून गेलेल्या असतात, पण तिथंही माझ्या मनात आधी येतं की ही तीच आहे की तिची जाऊ? बायको म्हणते, तुम्ही देवाकडेसुद्धा ओटीपी मागाल. अशा माणसाला कुणी आपण होऊन काही शिकवायला घेतलं, की त्याच्या मनात पाल चुकचुकणारच.

माझं आजोळ मोखाड्याच्या अंगाला, डोंगरात. तिथं होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून गावातली माणसं रात्रभर एकेक सोंग नाचवतात आणि शेवटच्या दिवशी उजाडल्यावर देवीचं सोंग निघतं. नाचायचं ते संबळाच्या ठेक्यावर. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेले दोन लहान नगारे, पोटाशी अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचे. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, आणि सगळ्यांत अवघड देवीची. गावात संबळाचा मान मामाच्या घराकडे. मामाला मूलबाळ नाही. त्या वर्षी भात झोडून झालं आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी मानेतल्या शिरेचं काहीतरी सांगितलं. गावच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, यंदा तालुक्याहून बँजो पार्टी आणू, सोपं पडंल. मामा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "संबळच वाजंल. माझा भाचा वाजवील."

भाचा म्हणजे मी. पंचेचाळीस वय, लहानपणी सुट्टीत दोन-चार चाली वाजवलेल्या, त्यानंतर संबळाला हात नाही. आणि मामाचा सख्खा पुतण्या भिंतीला भिंत लावून राहतो. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, नांगर धरून दंड पोलादासारखे झालेले. त्याला सोडून मला का? हा प्रश्न मला पडला, पण मी तो विचारला नाही, कारण मला ते संबळ हवं होतं. जव्हारात मी झेरॉक्सवाला, गावात मी जव्हारवाला. कुठंतरी माझ्यावाचून काम अडावं, असं मला फार वाटायचं. बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी देवीपुढे संबळ घेऊन मी उभा आहे, हे चित्र मी दुकानात बसून किती वेळा बघितलं असेल त्याला गणती नाही.

बुधवारी आणि शनिवारी पाचला शटर ओढून मी मोटरसायकलने निघायचो. सव्वा तासाचा वळणांचा रस्ता, डाव्या हाताला क्लच सुटत नाही. पोचलो की मामी कोरा चहा द्यायची, तोही बशीत ओतून, अगदी काठोकाठ. मी बशी उचलायचो, थोडा चहा मांडीवर सांडायचा, आणि समोर बसलेला मामा म्हणायचा, "आज राहू दे. गप्पा मारू." मग तो पेजेच्या, पावसाच्या, कुणाच्या तरी बैलाच्या गोष्टी सांगत बसायचा. सव्वा तास येऊन मी बैलाची गोष्ट ऐकून परत. एकदा-दोनदा ठीक. पाचव्या वेळी मी मनात म्हटलं, हे नवरा-बायको मिळून मला चहा पाजून वाटेला लावतायत.

रविवारी सकाळी गेलो तर मात्र मामा बरा वागायचा. गणपतीची चाल, राक्षसाची चाल, एकेक उलगडून द्यायचा, हातावर हात ठेवून. पण तीही पाऊण तासच. आणि देवीची चाल काढली की विषय बदलायचा. "होईल. नंतर बघू." माघ आला तरी नंतर. बोहाडा महिन्या-दीड महिन्यावर आला आणि जी चाल वाजवायला मला उभं केलं होतं तीच मला कुणी शिकवलेली नव्हती.

त्यातच एका रविवारी मी लवकर पोचलो. अंगणात पुतण्या तोंड धूत होता. मला बघून दचकला. आत गेलो, संबळ खुंटीला होतं. सहज हात लावला तर कातडं ऊबदार. थंडीच्या दिवसांत पहाटे कातडं ऊबदार कधी असतं? कुणीतरी कातडं ताणायला विस्तवावर शेकून, वाजवून ठेवलेलं असतं तेव्हाच. मी बाहेर येऊन पुतण्याला विचारलं, कोण वाजवत होतं रे? तो म्हणाला, "मी नाय." मी कुठं म्हटलं होतं तू म्हणून? पण त्यानं पुढं ताकास तूर लागू दिली नाही. बादली उचलून गोठ्याकडे गेला.

माझ्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. गावापुढे माझं नाव घेतलं ते बँजो पार्टी टाळायला. खरी विद्या चाललीय पहाटे, घरच्या माणसाला. मला चहा, गप्पा आणि "हात दमला". ऐनवेळी म्हणणार, भाच्याला जमत नाही, पुतण्या उभा राहील. मला इतका राग आला की येताना एका वळणावर गाडी घसरता घसरता वाचली.

तर मीही माझा मार्ग काढला. आदल्या वर्षीच्या बोहाड्याचा व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलवरून माझ्याकडे आलेला होता. त्यात मामा देवीची चाल वाजवताना जवळून दिसत होता. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की मी शटर अर्धं खाली ओढायचो, कागदाचे दोन गठ्ठे समोर ठेवायचो आणि बांबूच्या दोन काड्यांनी त्यावर ती चाल बडवायचो. दिवसभर टाइप करून मनगटं जड झालेली असायची, बोटांत मुंग्या यायच्या. मी म्हणायचो, दुखतंय म्हणजे शिकतोय. तास-तास बसायचो. पहिल्या आठवड्यात हात ऐकेनात. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ न बघता चाल यायला लागली. डोळे मिटून, जेवताना, गाडीवर, बोटं आपोआप चालायची. मला वाटलं, मामाच्या नाकावर टिच्चून मी त्याची विद्या काढून घेतली.

पुढच्या रविवारी मी चहाची बशी बाजूला सारली, खुंटीवरून संबळ काढलं आणि मामाला म्हटलं, ऐक. आणि देवीची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवली.

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा पकडल्यासारखा गप्प होईल, किंवा काय सांगावं, शाबासही म्हणेल. तो खाली बसला. मामी चुलीपुढून उठून दारात आली. मामानं विचारलं, "कुठं शिकलास?" मी व्हिडिओचं सांगितलं. "कवा बसायचास?" मी म्हटलं, संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर. त्यानं कपाळाला हात लावला.

"आरं, तो माझा उशीर हाय," तो म्हणाला. "तू सगळा उचललास. जसाच्या तसा."

मला काही कळेना. मग त्यानं माझ्याकडून ती चाल पुन्हा वाजवून घेतली आणि एका जागी थांबवलं. देवी राक्षसावर चालून जाते त्या टप्प्याला डाव्या हाताचा एक ठोका मागं राहत होता. पापणी लवेल एवढाच, पण राहत होता. मी म्हटलं, ती तर देवीची जागा आहे. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो की त्या जागी देवी पाय उचलून क्षणभर थांबते आणि गावाकडे बघते. बायका तेवढ्यात पदर पुढे करतात, लेकरांना उचलून धरतात.

"देवी नाय बघत कोणाला," मामा म्हणाला. "माझा हात दमला व्हता."

मग त्यानं सांगितलं ते असं. तो विशीत असताना दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. घरी आला की त्याचा बाप त्याला देवीची चाल शिकवायचा, कारण दुसरा वेळच नव्हता. उजव्या हातात हातोडा, डाव्या हातानं दगड धरायचा. डाव्याला दिवसभर हिसके बसायचे. संध्याकाळी तो हात त्या एका ठोक्याला वेळेवर उठायचा नाही. बाप म्हणाला, आज दमलायस, उद्या येईल. उद्याही खडी होतीच. काम संपलं, हात ताजा झाला, तरी ठोका मागंच. "दमलेल्या हातानं वाजवायला हरकत नाय. शिकू नये," मामा म्हणाला. "तो चूक पण मन लावून शिकतो. मंग ती सुटत नाय." बाप गेला, मामा उभा राहिला. सोंग घेणाऱ्यानं पाय तेवढा अधांतरी धरायला सुरुवात केली, सांभाळून घ्यायला. पुढच्या सोंगवाल्यानं त्याचं बघून धरला. आणि मग कुणीतरी म्हणालं की देवी गावाकडे बघते.

मी विचारलं, आणि पुतण्या? तो म्हणाला, "तो माझ्याच मांडीवर बसून शिकला. त्याच्या हातात बी तोच उशीर. म्हणून तं तुला आणला. तुझा हात कोरा व्हता." तो 'व्हता' म्हणाला तेव्हा मामी आत निघून गेली.

पण माझा स्वभाव एवढ्यानं सुधारणारा नाही. कबूल करायला लाज वाटते, तरी सांगतो: मला वाटलं हीसुद्धा नवी थाप असेल. चाल मला येते म्हटल्यावर आता ती चुकीची ठरवायची, म्हणजे मी पुन्हा पहिल्या पायरीवर. मी तसाच गाडी काढून पलीकडच्या पोशेरा गावाच्या बाजूला गेलो. तिथं एक म्हातारा संबळवाला आहे. त्याला देवीची चाल वाजवायला लावली. सरळ निघून गेली, कुठंही अडली नाही. मी तीनदा वाजवून घेतली. तिसऱ्यांदा विचारलं, इथं थांबत नाहीत का? तो म्हणाला, "राक्षस म्होरं उभा हाय न देवी थांबंल कशाला?"

परत येऊन पुतण्याला गाठलं. आता तो बोलला. "काका रोज पहाटं उठतो. हात ताजा हाय तवर तीच चाल वाजवतो, त्याच जाग्यावर अडकतो न काठ्या फेकून देतो. दिवाळीपासून चाललाय. सुटली की मंग तुला देणार व्हता. तुला सांगू नको म्हणाला." बधिर बोटांनी काठी धरून तो माणूस स्वतःची जुनी चूक सोडवत होता, मला ती द्यायला लागू नये म्हणून. आणि बशी? ते मामीनं सांगितलं. काठोकाठ बशी हातात हलली की शिकवायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मी अंगणातल्या बाजेवर बसलो आणि मला रडू आलं. कुणी बघू नये म्हणून मी मोबाइल बघत असल्याचं नाटक केलं.

पुढचे दिवस मी दुकान अकराला उघडलं. पहाटे उठून मामाकडे जायचं, हात ताजा असताना ती एकच जागा, तीही इतकी सावकाश की मुंगी चालावी. दहा वेळा बरोबर आली की काठ्या खाली. अकराव्यांदा नाही. दिवसभर टाइप करायचं, पण संध्याकाळी गठ्ठ्याला हात लावायचा नाही. बोहाड्याला आठ दिवस उरले तेव्हा सकाळी ठोका वेळेवर यायला लागला. मला वाटलं सुटलो. मामानं मुद्दाम एका संध्याकाळी वाजवायला लावलं. उशीर जागच्या जागी.

तेव्हा खरी भीती कळली. देवीचं सोंग निघतं ते रात्रभर बाकीची सोंगं नाचवून झाल्यावर, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात पार गेलेला असतो तेव्हा. मामाला मी म्हटलं, हे होणार नाही. त्यानं माझ्या हातातून काठ्या काढून घेतल्या. मग म्हणाला, "मी मरायच्या आधी एकदा बरोबर ऐकायचाय. माझ्यामागं माझी चूक देवी म्हणून नाचू नये." एवढा मोठा झालो, पण मामानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं.

शेवटच्या रात्री त्यानं काय करावं? पहिल्याच सोंगाला संबळ पुतण्याच्या गळ्यात अडकवलं आणि मला घरी नेऊन झोपायला सांगितलं. सगळ्या गावादेखत. लहानसहान चाली तो वाजवील, म्हणाला. मी आडवा पडलो, लांबून पुतण्याचे ठोके ऐकत. आणि सांगू? एवढं सगळं कळूनसुद्धा माझ्या मनात आलं की मला उठवणारच नाहीत. शेवटी घरच्यालाच उभा करतील. संशय हीसुद्धा हाताला पडलेली सवयच असावी. पाठ फिरवली की ती परत येते. तसाच विचार करता करता मला झोप लागली.

उजाडल्यावर मामीनं उठवलं. कोरा चहा दिला, बशीत. मी तो सगळा प्यायलो, थेंबही सांडला नाही. मैदानात ऊन यायला लागलं होतं. रात्रभर जागलेली माणसं घोंगड्या अंगावर घेऊन बसली होती. पुतण्यानं संबळ काढून माझ्या गळ्यात घातलं. मग तो मनगटं चोळायला लागला. "जा," तो म्हणाला, "माझ्याच्यानं आता सरळ काय यायचा नाय."

देवी निघाली. मुखवट्याआड गावातलाच एक शेतकरी, बारा-पंधरा वर्षं देवी नाचवणारा. मी चाल धरली. तो टप्पा आला, मी श्वास रोखला नाही, मामानं बजावलं होतं तसं, आणि डावा ठोका वेळेवर पडला. देवीचा पाय वर अधांतरीच होता. चाल पुढे निघून गेली, पाय मागं राहिला, आणि देवी अडखळली. दोन्हीकडच्या माणसांनी तिला सावरलं. लोकांत कुजबुज झाली. माझ्या उजवीकडे नातवाला उचलून धरलेली एक म्हातारी ओरडली, "आरं चुकला रं! देवीला बघू दे की गावाकडं!"

पुढच्या फेरीला एक ठोका मागं धरला असता की सगळं सुरळीत झालं असतं. मला तो ठोका मागं धरता येत होता, उलट तेच मला जास्त येत होतं. मी मामाकडे बघितलं. तो पुढे, खालीच मांडी घालून बसला होता. त्यानं मान हलवली. तसंच, सरळ.

दुसऱ्या फेरीलाही देवी अडखळली. त्या म्हातारीनं मला आवाज देऊन शिवी दिली. तिसऱ्या फेरीला मुखवट्याआडच्या माणसानं काय ओळखलं कोण जाणे, ठोक्याबरोबर पाय खाली आला आणि देवी थेट राक्षसावर गेली. राक्षसाचं सोंग खरोखर दचकून दोन पावलं मागं हटलं. माणसं ओरडली. तसं सोंग मी कधी बघितलं नव्हतं आणि तिथल्या कुणीच बघितलं नसावं. मला आनंद झाला, साधा, मोठा आनंद. मी पुन्हा मामाकडे बघितलं.

मामाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती, माझ्याबरोबर ठेका धरून. तो टप्पा पुन्हा आला. माझा ठोका पडला, आणि मग, पापणी लवेल एवढ्या उशिरानं, त्याचा. त्यालाही ते कळलं. त्यानं बधिर झालेला उजवा हात उचलला, त्या बोटांवर ठेवला, ती दाबून धरली आणि पुढचं नुसतं ऐकत राहिला.